बाईसाहेबांची खुंटी

बाईसाहेब शेळी होत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण तुकडीत नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी फसायचा. "जा, बाईसाहेबांना विचारून ये," असं कुणीतरी त्याला सांगायचं. तो बिचारा टोपी सरळ करून, शर्ट खोचून पॅकिंगच्या खोलीत जायचा. समोर खोक्यावर काळी, एका शिंगाची, पिवळ्या डोळ्यांची शेळी उभी. आणि ती त्याच्याकडे अशी बघायची की जणू हाच चार पायांवर चालत आलाय.

दूध देत नव्हत्या. करडू नव्हतं. नुसता तोरा.

तुकडी होती टेलिफोनवाल्यांची. बंदुका त्यांच्याकडेही होत्या, पण त्या गंजल्या तरी कुणी विचारायचं नाही. तार तुटली की मात्र सगळे बोंबलायचे. पुढच्या चौकीपासून टेकडीवरच्या मेजरसाहेबांच्या बंगल्यापर्यंत, बंगल्यापासून गावातल्या एक्स्चेंजपर्यंत आणि तिथून पार मोठ्या साहेबांच्या टेबलापर्यंत जी तार जायची ती यांनी टाकलेली. गोळा पडला, तार तुटली, की हे निघाले. तार मुठीतून सरकवत चालायचं, जिथे हाताला टोक लागेल तिथे बसायचं, जोडायचं, परत यायचं. परत आलात तर.

राहायला बटणांचा बंद कारखाना. मालक लढाई सुरू होताच पळाला, बटणं मागे राहिली. खोक्यांत बटणं, कपाटांत बटणं, फरशीच्या फटींत बटणं. अंगणात बटणं धुवायचा सिमेंटचा हौद होता, तोही काठोकाठ भरलेला. रात्री बूट काढले की त्यातून बटणं पडायची. अख्ख्या सैन्यात शर्टाची सगळी बटणं जागेवर असलेली ही एकच तुकडी. फक्त एकाशी दुसरं जुळत नव्हतं.

त्या तुकडीत सांध्या होता. खरं नाव कुणी वापरायचं नाही. तारेचे सांधे करायचा म्हणून सांध्या. लढाईआधी सायकलींची पंक्चर काढायचा. हाताला इतका पक्का की त्यानं जोडलेली तार पुन्हा तुटली तर दुसरीकडून तुटायची, जोडावर कधीच नाही. तोंडाला मात्र जोड नव्हता. मनात आलं की बाहेर. त्यापायी हवालदारांच्या शिव्या रोज खायचा, आणि त्या त्याला पचायच्याही.

हवालदारांना सगळे काका म्हणायचे. मिशा पांढऱ्या, कमरेला पक्कड, आणि तोंडात एकच वाक्य: "हुकूम म्हणजे हुकूम." चहा गार आला तरी हेच, गोळा शेजारी पडला तरी हेच.

बाईसाहेबांना आणलं लंबूनं. लंबू म्हणजे सांध्याचा जोडीदार, ताडासारखा उंच. एका जळून खाक झालेल्या गल्लीतून तार टाकत होते, तेव्हा ही एका पडक्या भिंतीवर उभी राहून खिडकीचा पडदा खात होती. गल्लीत दुसरं जिवंत काहीच नव्हतं. लंबूनं हात जोडले आणि म्हणाला, "बाईसाहेब, जेवण झालं असेल तर निघू या का?" आणि ती खाली उतरून मागोमाग आली. एवढंच. त्यानंतर पानगळीच्या सुमाराला लंबू एकटाच तारेवर गेला, कारण बाकीचे झोपले होते आणि त्याला कुणाला उठवावंसं वाटलं नाही. तो आला नाही. तार मात्र जोडलेली सापडली.

तेव्हापासून काकांनी नियम केला, एकट्यानं तारेवर जायचं नाही. आणि कुणीही न सांगता दुसराही एक नियम झाला. लंबूच्या कांबळ्यावर बाईसाहेब झोपणार, त्यांना तिथून कुणी उठवायचं नाही.

तर आता खुंटीचं.

फोनला दोन वाटा लागतात, एक जायला, एक यायला. जायची वाट म्हणजे तार. यायची वाट म्हणजे जमीन. म्हणून फोनजवळ जमिनीत लोखंडी खुंटी ठोकायची, फोनची दुसरी वायर तिला जोडायची, आणि तिच्या बुडाशी रोज पाणी ओतायचं. माती ओली तर आवाज खणखणीत. खुंटी निघाली की फोन मेला. ही अर्थिंगची खुंटी कारखान्याच्या अंगणात, खिडकीखालीच होती. रोज सकाळी सांध्याच तिला तांब्याभर पाणी घालायचा.

आणि त्याच खुंटीला तो बाईसाहेबांना बांधायचा.

आता हसा. पण डॉक्टरच्याच घरात खोकल्याचं औषध सापडत नाही, तसलाच प्रकार. बाईसाहेब दोरी खायच्या, म्हणून दोरीऐवजी तारेचा तुकडा. टेलिफोनवाले पँटसुद्धा तारेनं बांधतात. आणि अंगणात भक्कम खुंटी एकच, त्यांनीच ठोकलेली. अख्खी तुकडी येता-जाता बघत होती. काकाही बघत होते. कुणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. पाणी पिऊन पिऊन माती मात्र लोण्यासारखी झालेली.

त्या दिवशी मेजरसाहेब तपासणीला आले आणि मोठ्या साहेबांचा फोन तिथेच आला. मोठे साहेब भडकलेले होते. कुठल्या तरी पुलावरून मेजरांची खरडपट्टी चालली होती. मेजर लालबुंद होऊन नुसते "होय साहेब, होय साहेब" करत होते. शेवटी त्यांनी धीर करून तोंड उघडलं, "साहेब, माझं जरा ऐकून तरी..."

नेमके तेव्हाच आचारीमामा कोबीची पानं टाकायला अंगणात आले.

बाईसाहेबांनी एक हिसका दिला. खुंटी उपटली, त्यांच्या मागे खडखडत कोबीपर्यंत गेली. फोन गप्प.

खुंटी पुन्हा ठोकून लाइन लागेपर्यंत मोठ्या साहेबांची खात्री झाली होती की मेजरनं त्यांच्या तोंडावर फोन आपटला. "हिंमत कशी झाली तुमची?" हे खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं, रिसीव्हर कानाला न लावता.

"साहेब, मी नाही ठेवला. शेळीनं..."

"काय?"

"शेळीनं खुंटी उपटली, साहेब."

 मग मोठ्या साहेबांच्या मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि आणखी मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बें."

मेजरांनी रिसीव्हर ठेवला. फार हळू ठेवला. तेच वाईट होतं.

"शेळी कुणी बांधली होती तिथे?"

"मी, साहेब," सांध्या म्हणाला. "चूक माझी. तिला काय कळतंय. शिक्षा मला करा."

"करतोच आहे." मेजर टोपी घालत म्हणाले. "उद्या दुपारी मी इथे जेवायला येतोय. ती पातेल्यात पाहिजे. आणि कापायची तू. आचाऱ्यानं नाही, दुसऱ्या कुणी नाही. तू. हवालदार, जबाबदारी तुमची."

"हुकूम, साहेब," काका म्हणाले.

गाडी गेली. अंगणात बाईसाहेब कोबी खात होत्या.

"मी नाही कापणार," सांध्या म्हणाला.

"कोण विचारतंय तुला?" काका म्हणाले. "हुकूम झालाय."

"मोठ्या साहेबांनी याला झापलं, याला राग त्यांचा आला, आणि कापायची शेळी? ही कुठली रीत? बळी तो कान पिळी, आणि कान कुणाचे, तर शेळीचे!"

"हळू बोल."

"हळू कशाला? लंबूची आहे ती, काका."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "लंबू माझाही होता. पण मी आज हा हुकूम मोडला तर उद्या तुम्ही माझा मोडाल. मग त्या तारेवर कोण जाईल रे? गोळे पडत असताना कोण जाईल? हुकूम आहे म्हणून माणूस उठतो. नाहीतर कुणाला हौस आहे मरायची?"

सांध्या आणखीच भडकला. "लंबूला कुणी हुकूम केला होता?" तो म्हणाला.

काकांनी कमरेची पक्कड सारखी केली. उठून आत गेले.

आचारीमामा दारात उभे होते. "माझा सुरा मिळणार नाही हां," ते म्हणाले. "बोथट झालाय."

"मामा, सकाळी दाढी केलीत त्यानं."

"तेव्हापासूनच झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. सांध्यानं उचलला. एक्स्चेंजवर ताई असायच्या. गावातल्या पोस्टाच्या तळघरात बसून सगळ्या तारा एकमेकींना जोडायच्या. तुकडीतल्या एकानंही त्यांना पाहिलं नव्हतं, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, घसा बसलेला, सदा सर्दी झाल्यासारखा.

"सांध्या, बंगल्यावरून मेजर आहेत. देऊ?"

"द्या."

"काय रे," मेजर म्हणाले, "काम झालं का?"

सांध्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. खुंटी हातभर अंतरावर होती. त्यानं कान रिसीव्हरलाच ठेवून खिडकीतून वाकून हात खाली घातला.

"साहेब, ते असं आहे की..." आणि खुंटी उपटली.

मग थोडा वेळ निवांत बाईसाहेबांच्या कपाळावर खाजवलं. मग खुंटी पुन्हा दाबली, वर पाणी घातलं. लगेच फोन वाजला.

"पुन्हा उपटली वाटतं बाईसाहेबांनी?" ताईंनी विचारलं.

"नाही ताई. या वेळी मी उपटली." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. काही लपवायचं त्याला जमतच नव्हतं.

ताई ऐकत होत्या. मग नाक ओढून म्हणाल्या, "इथे कालपासून सगळे मेजरना बें करतायत. लाइन लावली की पलीकडून बें. मला हसू आवरत नाही, माझी नोकरी जाणार एक दिवस." थोडं थांबून म्हणाल्या, "मेजर पुन्हा मागतायत लाइन. काय सांगू?"

"सांगा, लागत नाही."

"खोटं बोलू?"

"मग खरं सांगा. सांध्या नाही म्हणतोय."

"त्यापेक्षा लागत नाही हेच बरं," ताई म्हणाल्या.

फोन थांबवता येतो, गाडी नाही. दुपारी मेजर आले. येताना भूक घेऊन आले होते, कारण आत शिरताच त्यांनी हुंगून बघितलं. उकडलेल्या कोबीचा वास. पाव. बस.

अंगणात सगळी तुकडी उभी. मधोमध सांध्या, त्याच्या शेजारी बाईसाहेब. बाईसाहेबांच्या गळ्यातली तार आज खुंटीला नव्हती. तिचं दुसरं टोक सांध्याच्या डाव्या मनगटाला होतं. गाठ नव्हे, जोड. त्याचा स्वतःचा, पिळून पिळून केलेला, ओढाल तितका घट्ट होणारा जोड. पकडीशिवाय सुटणार नाही असा.

"हा काय तमाशा?"

"साहेब, मी हिला कापणार नाही."

"कळतंय का काय बोलतोस?"

"कळतंय. मला आत टाका, पुढच्या चौकीवर पाठवा, हुद्द्याची पट्टी काढा. पण माझ्या चुकीसाठी ही मरणार नाही आणि तुमच्या रागासाठी तर नाहीच नाही. मोडेन साहेब, वाकणार नाही."   तोंड थांबत नव्हतं. "आणि खाऊन वर वातड आहे म्हणाल ते वेगळंच."

कुणीतरी मागे खोकलं. मेजरांनी पिस्तूल काढलं.

"पक्कड दे. तोड ती तार."

सांध्यानं खिशातून पक्कड काढली. सगळ्यांना वाटलं, खचला. त्यानं ती हौदात टाकली. बटणं सरकली, सळसळली, आणि पक्कड दिसेनाशी झाली.

त्याच्या मागे उभ्या असलेल्यानंही स्वतःची टाकली. मग त्याच्या पलीकडच्यानं. मग सगळ्यांनी, सळ्, सळ्, सळ्. आचारीमामांकडे पक्कड नव्हती, त्यांनी हातातला भाजीचा डाव टाकला.

राहिली एक. काकांच्या कमरेला.

"हवालदार," मेजर म्हणाले. "तुम्ही तोडा."

काकांनी पक्कड काढली. हातात धरली. सांध्याकडे बघितलं नाही, बाईसाहेबांकडे बघितलं. बाईसाहेब त्यांच्या बाहीचं बटण चावायच्या बेतात होत्या. काका एक पाऊल पुढे आले.

आणि तेव्हाच गोळे पडायला लागले. पहिला लांब, कालव्यापलीकडे. दुसरा जवळ. कारखान्याच्या उरल्यासुरल्या काचा खळकन खाली. सगळे भिंतीला चिकटले. आत फोन किंचाळायला लागला.

मेजर स्वतः धावले. त्यांचा आवाज बाहेर येत होता. "काय? चौकीची लाइन? कधीपासून?" मग ते दारात आले, पिस्तूल अजून हातातच, पण आता त्याचं काय करायचं ते त्यांना आठवत नव्हतं. "चौकीची तार तुटली. तिथे जखमी आहेत. किती, कुठल्या वाटेनं आणायचे, काही कळत नाही. गाड्या उभ्या आहेत आणि पाठवायच्या कुठे?"

सांध्या केव्हाच तारेचं रीळ खांद्यावर टाकत होता. "जातो साहेब."

"त्या शेळीला..."

"ती माझ्या हाताला आहे. मी जातो म्हणजे ती येते. भांडण आल्यावर करू."

"एकटा नाही जायचं," काका म्हणाले. त्यांनी तपासणीचा छोटा फोन उचलला, पक्कड कमरेला परत खोवली, आणि निघाले.

बाईसाहेबांनी वाटेत काही पराक्रम केला असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. त्यांनी जेवढा त्रास देता येईल तेवढा दिला. सांध्या उजव्या मुठीतून तार सरकवत पळतोय, आणि डाव्या हाताला या मागे ओढतायत, कारण एका दुकानाच्या दारावर कागद चिकटवलेला होता आणि तो त्यांना खायचा होता. गोळा शिट्टी वाजवत आला की सांध्या आणि काका आडवे. बाईसाहेब आडव्या पडलेल्या सांध्याच्या पाठीवर चढून उभ्या.

"उतरव तिला, नेम धरायला सोपं जातंय!" काका ओरडले.

"तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाही!"

सांध्याला गोळ्यांची भीती होतीच, पण त्याहून जास्त डोळा होता काकांच्या कमरेवर. ती एक पक्कड. गल्लीत कुणी साक्षीदार नाही, हुकूम झालेला आहे, आणि काका म्हणजे काका. पिठाच्या गिरणीपाशी तार हाताला संपली. तिथे रस्त्यात मोठा खड्डा, त्यातून धूर. दुसरं टोक खड्ड्यापलीकडे भिंतीला लोंबत होतं. सांध्यानं दोन्ही टोकं ओढून खड्ड्यात आणली आणि गुडघ्यावर बसला.

काकांनी पक्कड काढली. "हात पुढे कर."

सांध्यानं डावा हात पोटाशी घेतला. "काका, नको."

"अरे गाढवा, तारेचं टोक दे! नुसत्या बोटांनी काय पिळणार आहेस? आणि ती पक्कड हौदात टाकताना जरा पुढचा विचार करायचा."

सांध्यानं टोक दिलं. दोघांनी मिळून जोड केला, काकांची पक्कड, सांध्याचे हात. लंबू गेल्यानंतर या दोघांनी एकत्र केलेला पहिलाच जोड. मग छोट्या फोनची वायर तारेला लावली, त्याची खुंटी खड्ड्याच्या काठावर रोवली, हँडल फिरवलं.

काही नाही.

पुन्हा फिरवलं. नुसती खरखर. जोड चुकला का? सांध्याचा जोड?  काकांनी मातीला हात लावला. भाजल्यासारखी कोरडी, भुगा. "खुंटीला ओल नाही. पाणी?"

पाणी कुणीच आणलं नव्हतं. काका जरासे लाजले आणि पँटच्या तारेला हात घालत म्हणाले, "तिकडे बघ जरा." टेलिफोनवाल्यांची ही जुनी विद्या, पुस्तकात सापडणार नाही. पण तेवढ्यात गोळा पडला, गिरणीचं छप्पर बसलं, दोघं पालथे झाले, आणि बाईसाहेब घाबरल्या. आयुष्यात पहिल्यांदाच घाबरल्या असतील. त्या जिथे उभ्या होत्या तिथेच, बरोबर खुंटीवर, मोकळ्या झाल्या.

रिसीव्हर जमिनीवर पडला होता. त्यातून ताईंचा सर्दीचा आवाज खणखणीत आला, "हॅलो! हॅलो! चौकी लागली रे! चौकी बोलतेय!"

काका आणि सांध्यानं एकमेकांकडे बघितलं. हसले नाहीत, तेवढा दम नव्हता.

आधी काम. चौकीवाल्यानं जखमी किती ते सांगितलं, कालव्याच्या अलीकडची वाट मोकळी आहे हे सांगितलं. ताईंनी दवाखाना जोडला. गाड्या निघाल्या हे दवाखान्यानं सांगितलं. सगळं ऐकू येत होतं, एकाच तारेवर सगळे. गोळेही आता लांब सरकले होते. मग सांध्यानं रिसीव्हर तोंडाशी घेतला.

"ताई, कारखान्यावर मेजरसाहेब आहेत का?"

"आहेत, ऐकतायत. सगळेच ऐकतायत," ताई म्हणाल्या, आणि कुठेतरी एक बटण खट् करून दाबल्याचा आवाज आला, म्हणजे आता खरंच सगळे.

"साहेब, सांध्या बोलतोय. लाइन चालू. आता शेळीचं काय ते सांगा."

मेजरांचा आवाज स्वच्छ आला, शेजारी बसून बोलल्यासारखा. "शाबास. चांगलं काम केलंत. पण हुकूम दिलेला आहे, तो मागे घेता येत नाही. हवालदारांना सांग, तिथेच..."

सांध्याच्या हातून रिसीव्हर गेला. काकांनी ओढून घेतला होता. 

"हवालदार बोलतोय, साहेब."

"हवालदार, ऐकलंत ना? तिथेच गोळी घाला आणि विषय संपवा."

काकांनी बाईसाहेबांकडे बघितलं. त्या गिरणीतून उडालेलं पीठ चाटत होत्या, तोंड पांढरं झालं होतं. काकांनी सावधान उभं राहिल्यासारखी पाठ ताठ केली, खड्ड्यात बसल्या बसल्या.

"ऐकू येत नाही, साहेब."

"गोळी घाला म्हणतोय!"

"आवाज तुटतोय, साहेब. पुन्हा बोला."

"हवालदार! मला तुमचा आवाज स्पष्ट येतोय!"

"मला नाही येत, साहेब."

 मग चौकीवरून, जिथे गोळे पडत होते तिथून, कुणीतरी म्हणालं, "इथेही काही ऐकू आलं नाही." मग दवाखाना, "आम्हालाही नाही." मग मागून कुठून तरी आचारीमामांचा आवाज, ते तर मेजरांच्या शेजारीच उभे असणार, "मला तर समोर असून ऐकू येत नाहीये!"

"एक्स्चेंज!" मेजर ओरडले. "लाइन नीट करा!"

"लाइन उत्तम आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "तुम्ही बोलताय तेच पलीकडे कुणाला पोचत नाहीये. दुसरं काही बोलून बघा."

मेजर गप्प.  खरखरही नव्हती, इतकं अर्थिंग चांगलं लागलं होतं. आणि त्या शांततेत बाईसाहेबांनी रिसीव्हरपाशी तोंड नेलं, हुंगलं, आणि स्पष्ट, सगळ्या तारेवर, टेकडीपासून चौकीपर्यंत, म्हणाल्या, "बें."

"घाला मग खड्ड्यात!" मेजर फुटले. "घ्या तिला डोक्यावर आणि नाचा! परत दिसली नाही पाहिजे मला खुंटीपाशी!"

"हां," काका म्हणाले. "आता स्पष्ट आलं, साहेब. हुकूम म्हणजे हुकूम." आणि रिसीव्हर ठेवला.

शिक्षा झालीच. मेजर विसरणाऱ्यातले नव्हते. सांध्याची रजा गेली, संडास साफ करायचं काम त्याच्या गळ्यात पडलं, आणि काकांची बढती, जी तशीही येणार नव्हती, ती आता नक्की येणार नव्हती. मेजर कारखान्यात परत जेवायला आले नाहीत. त्या दिवशी कोबीही न खाता गेले, याचं आचारीमामांना जरा लागलं.

संध्याकाळी काकांनी हातोडा घेतला आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपासून लांब, नवीन खुंटी ठोकली. कोरड्या, दगडासारख्या जमिनीत. ठोकता ठोकता मिशा घामानं ओल्या झाल्या. "ही बाईसाहेबांची," ते म्हणाले. "हिला पाणी घालणाऱ्याची माझ्याशी गाठ आहे."

मग कमरेची पक्कड काढून सांध्यापुढे धरली. "सोडव आता हात. लाल झालंय मनगट."

"राहू दे काका," सांध्या म्हणाला. तो हौदाच्या काठावर बसून बाह्या सरसावून बटणांत पकडी चाचपत होता, एका हातानं, कारण दुसऱ्या हाताच्या तारेच्या टोकाला बाईसाहेब हौदापाशी आणून टाकलेल्या लंबूच्या कांबळ्यावर झोपल्या होत्या, आणि त्यांना तिथून उठवायचं नाही हा नियम होता.